वास, विळा आणि कुंपण : एका काळ्या आमरीचा इतिहास



आजच्या व्याख्यानाची सुरुवात मी आपल्या ओळखीच्या एका दुकानापासून करतो. काष्ठौषधींचं दुकान. थंडीत पौष्टिक लाडू करायचे म्हणून आपण तिथे जातो, डिंक, खारीक, गोडंबी घेतो, आणि घरातल्या एखाद्या जाणत्या बाईनं सांगितलेलं असतं म्हणून सालममिश्रीही मागतो. दुकानदार जुना असेल तर विचारतो, "पंजा देऊ का?" सालम पंजा म्हणजे एक वाळका, पिवळट कंद. नीट पाहिलं तर खरंच लहान मुलाच्या हातासारखा दिसतो. तळवा आहे, त्याला तीन-चार बोटं फुटलेली आहेत. हा हात हिमालयात उंचावर वाढणाऱ्या एका ऑर्किडचा असतो. ऑर्किडला मराठीत आमरी म्हणतात. आपल्याकडे हा शब्द पुस्तकात राहिला आहे, आज जरा बाहेर काढू.

आज ज्या फुलाबद्दल बोलायचं आहे ते या पंजाच्या भावकीतलं. कंद तसाच, हाताच्या आकाराचा. पण मुक्काम दुसरा. युरोपातला आल्प्स पर्वत, आणि तिथून खूप उत्तरेला स्वीडन-नॉर्वेचा डोंगराळ भाग. झाड म्हणावं असं काही नाही. वीतभर उंचीचा दांडा, गवतासारखी अरुंद पानं, आणि टोकाला लहान लहान फुलांचा गच्च तुरा. रंग काळपट लाल, दुरून जवळजवळ काळाच. गवतात कुणीतरी जळका कोळसा टाकलाय असं वाटतं. खाली वाकून नाक जवळ नेलं की मात्र माणूस चमकतो, कारण वास येतो व्हॅनिलाचा. काहींना तो चॉकलेटचा वाटतो.

वनस्पतिशास्त्रात याला पूर्वी नायग्रिटेला म्हणत, म्हणजे 'छोटी काळी'. आता जिम्नाडेनिया म्हणतात. स्वीडिश नाव ब्रुनकुला. 'ब्रुन' म्हणजे तपकिरी, आणि 'कुला' हा डालार्ना प्रांतातल्या बाईसाठीचा शब्द. नॉर्वेत स्वार्टकुर्ले. आल्प्समधल्या जर्मन बोलींत कोलरोझर्ल, म्हणजे कोळशाचा गुलाब, किंवा ब्रेंडली, म्हणजे जळकी. फ्रेंच लोक सरळ 'व्हॅनिलाची आमरी' म्हणतात.

आता तुम्ही म्हणाल, एवढ्याशा फुलाचा इतिहास तो काय असणार? राजे नाहीत, लढाया नाहीत. पण गेल्या दीड-दोनशे वर्षांत माणसानं निसर्ग 'वाचवायचा' असं ठरवलं, तेव्हा त्याचं काय बरोबर आलं आणि काय चुकलं, हे समजून घ्यायला या फुलासारखा दुसरा शिक्षक मला तरी माहीत नाही. तीन गोष्टींच्या आधारानं बोलतो. पहिली वास, दुसरी विळा आणि तिसरी कुंपण.

वास

१५३६ साली योहानेस म्युलर नावाचे एक स्विस पंडित काही मंडळींबरोबर श्टॉकहॉर्न नावाच्या डोंगरावर चढले. बर्नच्या दक्षिणेला, सुमारे २,२०० मीटर उंचीचा हा डोंगर. म्युलर रेलिकोन गावचे, म्हणून त्या काळच्या विद्वानांच्या रीतीप्रमाणे त्यांनी स्वतःच्या नावाचं लॅटिन करून घेतलं होतं : रेलिकानुस. शिक्षक माणूस. डोंगरावर कशासाठी गेले? गुरं राखायला नाही, शिकारीला नाही, नवसाला नाही. बघायला गेले. त्या काळात ही जरा नवलाईची गोष्ट होती. खाली आल्यावर त्यांनी त्या चढाईवर लॅटिनमध्ये कविता लिहिली, तिचं नाव 'श्टॉकहॉर्नियास'. वर दिसलेल्या वनस्पतींचा उल्लेख करताना त्यांनी या काळ्या फुलालाही जागा दिली. ही आठवण ठेवून १९९० साली टेपनर आणि क्लाइन या दोन अभ्यासकांनी आल्प्समधल्या या फुलाला वेगळी जात म्हणून नाव दिलं, तेव्हा ते रेलिकानुसच्याच नावावरून दिलं. साडेचारशे वर्षांनी डोंगर चढल्याचं फळ मिळालं म्हणायचं.

इथे जरा थांबा. १५३६ सालच्या त्या गुराख्यांना हे फूल व्हॅनिलासारखं वासाचं वाटलं असेल का? शक्यच नाही. व्हॅनिला मेक्सिकोतली. स्पॅनिश लोकांनी ॲझ्टेक राज्य जिंकलं १५२१ मध्ये, त्यानंतर ती युरोपात यायला लागली, आणि पुढची तीनेकशे वर्षं ती दरबारातली, श्रीमंतांच्या पेल्यातली चीज होती. डोंगरातल्या गुराख्याच्या नाकापर्यंत ती पोचण्याचा प्रश्नच नव्हता. चॉकलेटचंही तेच.

हा वास सामान्य माणसापर्यंत पोचला तो एकोणिसाव्या शतकात, आणि त्यातही दोन पायऱ्या आहेत. पहिली १८४१ ची. हिंदी महासागरातल्या रेयुनियाँ बेटावर एदमों आल्बियुस नावाचा बारा वर्षांचा एक गुलाम मुलगा होता. व्हॅनिलाचा वेल मेक्सिकोबाहेर फुलायचा पण फळत नव्हता, कारण तिथले कीटक इथे नव्हते. या मुलानं बारीक काडी आणि अंगठा वापरून हातानं परागीकरण करायची युक्ती काढली. आजही जगभर व्हॅनिला त्याच पद्धतीनं पिकवतात. दुसरी पायरी १८७४ ची. टीमान आणि हारमान या जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी सूचिपर्णी झाडांच्या रसातल्या एका द्रव्यापासून व्हॅनिलाचा वास, म्हणजे व्हॅनिलिन, प्रयोगशाळेत तयार केलं. त्यानंतर तो वास स्वस्त झाला. बिस्किटात आला, केकमध्ये आला, स्वित्झर्लंडमध्ये चॉकलेटचे कारखाने उभे राहिले त्यात आला.

म्हणजे आज प्रत्येक सहलपुस्तिकेत या फुलाचं पहिलं वर्णन असतं, 'व्हॅनिलाचा वास येणारं फूल', ते वर्णन फुलापेक्षा फारच तरुण आहे. गुराख्यांनी ठेवलेली नावं आठवा : कोळशाचा गुलाब, जळकी. ती रंगावरून आहेत. वासावरूनची नावं वासाची तुलना करायला काहीतरी हाती आल्यावरच येणार. गंमत पुढेच आहे. ॲझ्टेकांच्या नाहुआत्ल भाषेत व्हॅनिलाला म्हणत 'त्लिलशोचित्ल'. याचा अर्थ काय? काळं फूल! फूल काळं नसतं, शेंग वाळून काळी होते, पण नाव तसं. आणि व्हॅनिलाही आमरीच. दोन खंडांतल्या दोन आमऱ्या, एकीचं नाव काळं फूल आणि दुसरी खरोखरच काळं फूल, आणि वास सारखा. असा योग कादंबरीत घातला असता तर वाचकानं लेखकाला हसण्यावारी नेलं असतं.

वासाचं हे एवढं सांगितलं कारण इतिहासात एक गोष्ट नेहमी होते. बाहेरचा माणूस येतो आणि स्वतःच्या ओळखीचा शब्द एखाद्या गोष्टीला लावतो. तो शब्द चिकटतो, आणि जी माणसं त्या गोष्टीबरोबर शतकानुशतकं राहिली त्यांचं तिच्याशी असलेलं नातं त्या शब्दाखाली झाकलं जातं. ते नातं काय होतं, हे बघायला आता उत्तरेला जाऊ.

विळा

कार्ल लिनियस हे नाव तुम्ही ऐकलेलं आहे. प्राणी-वनस्पतींना दोन शब्दांची शास्त्रीय नावं द्यायची पद्धत रूढ करणारा स्वीडिश शास्त्रज्ञ. १७५३ च्या आपल्या ग्रंथात त्यानं या फुलाचं नाव ठेवलं सॅटिरियम नायग्रम. ग्रीक पुराणातला सॅटिर म्हणजे अर्धा बोकड, अर्धा माणूस आणि पूर्ण विषयलंपट. आमरीचे कंद जोडीनं येतात, त्यावरून ग्रीकांनी त्यांना 'ऑर्किस' म्हणजे वृषण म्हटलं आणि शक्तिवर्धक मानलं. आपल्या लाडवात सालम येतो त्यामागे हीच समजूत आहे, ती ग्रीसपासून हिमालयापर्यंत पसरलेली आहे.

पण ज्यांचे कंद गोल नसून हातासारखे असतात त्यांच्याबद्दल उत्तर युरोपातल्या शेतकऱ्यांची कल्पना वेगळी होती. असा कंद जमिनीतून काढला तर दोन हात मिळतात. एक यंदाचा, पांढरा, टणक. दुसरा गेल्या वर्षीचा, त्यातलं अन्न संपलेलं, म्हणून काळपट आणि सुरकुतलेला. लोक म्हणत, पांढरा देवाचा हात आणि काळा सैतानाचा. हे मुद्दाम लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

ब्रुनकुला स्वीडनमध्ये मुख्यतः येम्टलांड आणि त्याला लागून असलेल्या हेर्येडालेन या प्रांतांत वाढते. तिची एक नवलाची गोष्ट कार्ल अफसेलियस या स्वीडिश संशोधकानं १९२८ आणि १९३२ मध्ये मांडली. आल्प्समधली बहीण रीतसर फुलपाखरांकडून परागीकरण करून घेते. हेर्मान म्युलर या जर्मन शिक्षकानं १८८१ च्या आपल्या पुस्तकात तिच्यावर येणाऱ्या फुलपाखरांची आणि पतंगांची नोंद करून ठेवली आहे. उत्तरेतली ब्रुनकुला मात्र परागाशिवायच बी धरते. तिच्या पेशींत गुणसूत्रांचे दोनाऐवजी तीन संच आहेत, त्यामुळे नेहमीच्या मार्गानं तिचं जमत नाही. आई आणि मुलगी हुबेहूब सारख्या. तरीही वास आहेच! पाहुण्यांची गरज उरलेली नाही, पण दारातली रांगोळी चुकलेली नाही.

मग हिला गरज कुणाची? कीटकांची नाही. गरज आहे ती मोकळ्या, उन्हाच्या, नापीक गवताळ जागेची. नापीक हा शब्द महत्त्वाचा. जमीन सुपीक झाली की उंच गवत दाटतं आणि वीतभर उंचीचं हे फूल त्या सावलीत गुदमरतं. आल्प्समध्ये झाडांची रेषा संपते त्याच्या वर अशी मोकळी जागा निसर्गतःच मिळते. उत्तरेतल्या तिच्या बहुतेक जागा मात्र झाडं वाढतात त्याच पट्ट्यात आहेत. तिथे ती जागा मोकळी कुणी ठेवली?

गवत कापणाऱ्यांनी.

त्या भागातला शेतकरी डोळ्यांसमोर आणा. वर्षातले सात-आठ महिने गुरं गोठ्यात, बाहेर बर्फ. तितक्या महिन्यांची वैरण उन्हाळ्याच्या काही आठवड्यांत गोळा करायची. गावाजवळ शेतजमीन थोडी, तीही धान्याला लागायची. म्हणून गवत आणायचं ते लांबच्या माळावरून, दलदलीच्या कडेवरून, डोंगरउतारावरून. किती गवत मिळालं त्यावर किती गाई ठेवायच्या हे ठरणार, आणि किती गाई त्यावर घरात किती तोंडं भरणार. वैरण कमी पडली तर वसंत येईपर्यंत काय हाल होतात, हे आपल्या माणदेशातल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

त्यासाठी हत्यार होतं ते लांब दांड्याच्या विळ्याचं. आपण बसून गवत कापतो, ते उभ्यानं, कमरेतून फिरून, अर्धवर्तुळात सपासप कापतात. पुरुष कापायचे, बायका आणि मुलं दाताळ्यानं गवत ओढायची, वाळवायची. आठवडेच्या आठवडे कुटुंबं माळावर मुक्काम करायची. गवत तिथल्याच लाकडी कोठारात किंवा गंजीत रचून ठेवायचं, आणि बर्फ पडून वाट गुळगुळीत झाली की घोड्याच्या घसरगाडीवरून घरी आणायचं. जमीन इतकी हलकी की एकच तुकडा दरवर्षी कापत नसत. एका वर्षाआड कापायचे, मधल्या वर्षी त्याला विसावा.

आता फुलाच्या बाजूनं बघा. कापणी उन्हाळ्याच्या मध्यावर, फुलाचा बहर ओसरत आल्यावर. कापलेलं गवत उचलून न्यायचं, म्हणजे जमिनीतलं सत्त्वही थोडं थोडं बाहेर जायचं, जमीन हलकीच राहायची. झुडपांची कोवळी रोपं विळ्याखाली जायची. वाळलेल्या गवताचा थर साचायचा नाही, त्यामुळे धुळीसारखं बारीक बी थेट मातीवर पडायचं. आमरीच्या बियांत अन्नाचा साठा नसतो, मातीतली बुरशी सोबतीला मिळाली तरच ती रुजते. शतकानुशतकं वैरणीसाठी चाललेलं हे काम, एकाही माणसाच्या मनात तसं नसताना, या फुलाची जोपासना होऊन बसलं होतं. शेतकऱ्यानं ब्रुनकुला लावली नाही, पाणी घातलं नाही, बहुधा तिच्याकडे फारसं पाहिलंही नसेल. पण त्याचा विळा फिरत होता तोवर ती होती.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून हे बदलायला लागलं. १८८२ साली येम्टलांडमधून नॉर्वेतल्या ट्रोंडहाइमपर्यंतची रेल्वे पुरी झाली. बाहेरचं धान्य आलं, बाहेरचा माल आला, हवापालटासाठी शहरी पाहुणे यायला लागले. घराजवळच्या शेतात पेरून गवत घ्यायची पद्धत रुजली. पुढे विसाव्या शतकात रासायनिक खत आलं. हवेतल्या नायट्रोजनपासून खत बनवायचा एक मोठा कारखाना जर्मनीत १९१३ मध्ये सुरू झाला. एका एकरात पूर्वीच्या कितीतरी पट वैरण. मग मैलभर लांबच्या माळावर महिनाभर कोण जाईल? कुणीही गेलं नसतं. तुम्ही-आम्हीही नाही. ते काम हाडं मोडणारं होतं. त्याची गाणी गाणं सोपं, पण ज्यांनी ते केलं त्यांची मुलं शहरात गेली ती उगीच नाही.

आणि याच काळात काय व्हावं? १९०८ साली व्हेइट विट्रोक या वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकानं स्वीडनच्या प्रत्येक प्रांताला एकेक मानाचं फूल असावं अशी कल्पना मांडली. येम्टलांडचं फूल ठरलं ब्रुनकुला. मान मिळाला त्याच सुमारास माळावरचा विळा खुंटीला लागत होता.

कुंपण

आता तिसरी गोष्ट. याच काळात युरोपात फुलांच्या रक्षणाची चळवळ सुरू झाली. रेल्वेनं पर्यटक डोंगरात पोचले, फुलं तोडून टोपीला लावायला लागले, मुळासकट उपटून बाजारात विकायला लागले. ही खरी आपत्ती होती, तिला कमी लेखायचं कारण नाही. स्वित्झर्लंडमधल्या ओबवाल्डेननं १८७८ मध्ये एडेलवाइस हे प्रसिद्ध फूल मुळासकट उपटायला आळा घातला. १८८३ मध्ये आंरी कोर्व्हों या माणसानं जिनीव्हात वनस्पतींच्या रक्षणासाठी संघ काढला. पुढे एकेका देशात कायदे झाले. आज स्वीडनमध्ये सगळ्याच आमऱ्यांना कायद्याचं संरक्षण आहे. ब्रुनकुला तोडणं गुन्हा आहे.

या सगळ्यामागचं चित्र एकच : फूल म्हणजे खजिना आणि माणूस म्हणजे चोर. चोराचा हात अडवला की खजिना सुरक्षित. पर्यटकाच्या बाबतीत हे चित्र बरोबरच होतं. पण डोंगरावर दुसराही एक हात होता, विळा धरलेला, आणि त्याचा विचार या चित्रात कुठेच नव्हता. कायद्यानं फूल तोडणाऱ्याला थांबवलं. गवत कापणारा आपणहून थांबला, आणि तो थांबला तर काय होईल हे विचारायचं कुणाला सुचलं नाही.

त्यात एक फसगत आहे. आमरीचं रोप फुलायला कित्येक वर्षं घेतं, आणि एकदा फुललं की दरवर्षी फुलतंच असंही नाही. कंद जमिनीखाली जगत असतात. त्यामुळे कापणी थांबल्यावर सुरुवातीची काही वर्षं काहीच बिघडल्यासारखं दिसत नाही. एखादं वर्ष तर बहर चांगलाही येतो. मग हळूहळू गवताचा थर साचतो, विलोची झुडपं येतात, बर्च झाडं येतात, आणि एक दिवस लक्षात येतं की इथे ते काळं फूल पाहिल्याला बरीच वर्षं झाली. दोष द्यायला समोर कुणी नसतं. कुणी काही केलेलं नसतं. काहीतरी करायचं राहिलेलं असतं, आणि इतिहासात न घडलेल्या गोष्टींची नोंद सहसा होत नाही.

ही नोंद ज्यांनी चिकाटीनं केली ते नॉर्वेचे संशोधक. रोरोस या तांब्याच्या खाणींसाठी प्रसिद्ध असलेल्या गावाच्या परिसरात सोलेंडेट नावाचा सुमारे तीन चौरस किलोमीटरचा प्रदेश आहे, जुन्या गवतमाळांचा. तिथली कापणी १९५० च्या सुमारास थांबली होती. १९७४ मध्ये तो राखीव झाला. आता राखीव म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? तारेचं कुंपण, पाटी, 'आत जाण्यास मनाई'. इथे उलट झालं. ट्रोंडहाइमचे आसब्योर्न मोएन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी झुडपं काढली आणि पुन्हा गवत कापायला सुरुवात केली. पुढे वर्षानुवर्षं ठरावीक चौकटींत आमरीची रोपं मोजली, फुललेली किती, न फुललेली किती. स्वार्टकुर्ले टिकायची असेल तर तिथे कापणी चालू राहिली पाहिजे, हे त्यातून कागदावर आलं. जे म्हाताऱ्या शेतकऱ्यांच्या अंगात मुरलेलं होतं ते शास्त्राला चौकटी आखून पुन्हा शिकावं लागलं.

आल्प्समध्येही असंच आहे. उरी या स्विस प्रांतात अतिशय उभ्या उतारांवर, जिथे गाय जाऊ शकत नाही तिथे, माणसं जीव धोक्यात घालून गवत कापत आणि भारे तारेवरून खाली सोडत. त्या उतारांवर फुलांची विविधता फार मोठी. ही कापणी परवडेनाशी झाली तेव्हा सरकारनं त्यासाठी पैसे द्यायला सुरुवात केली. गवतासाठी नव्हे, तर माळ मोकळा राहावा यासाठी.

एक सावधगिरी मात्र हवी. माणूस हवा म्हणजे कसाही हवा, असा याचा अर्थ नाही. खत टाकणारा माणूस या फुलाला नको आहे. फूल उमलायच्या आत यंत्रानं माळ साफ करणारा नको. हजार गुरं एका उतारावर सोडणाराही नको. हवा आहे तो गरजेपुरतं घेणारा, उशिरा येणारा आणि एक वर्ष सोडून देणारा. हे शहाणपण म्हणून आलेलं नव्हतं. गरिबीनं आणि जमिनीच्या मर्यादेनं ते शिकवलेलं होतं.

आता आपल्या घरी येऊ. साताऱ्याजवळचं कास पठार तुम्ही पाहिलं असेल. २०१२ मध्ये पश्चिम घाटाला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, त्यात कासही आलं, आणि गर्दी लोटली. फुलं तुडवली जाऊ नयेत म्हणून पठारावर जाळीचं कुंपण घातलं गेलं. गावकऱ्यांच्या गुरांची चराईही थांबली. हेतू चांगलाच होता. पण काही वर्षांत स्थानिक माणसं आणि काही अभ्यासक सांगायला लागले की गवत माजतंय, लहान चणीची फुलं कमी दिसतायत. वाद झाला. शेवटी कुंपण काढायचं ठरलं. आपल्याकडे म्हण आहे, कुंपणच शेत खातं. ती आपण भ्रष्ट रखवालदारासाठी वापरतो. इथे रखवालदार प्रामाणिक होता, तरी तीच वेळ आली.

उत्तराखंडातल्या फुलांच्या दरीतही १९८२ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं आणि मेंढपाळांची चराई बंद झाली. पुढे तिथे पॉलिगोनम नावाची उंच, दाट वाढणारी वनस्पती पसरायला लागली. चराई थांबल्यामुळे हे झालं का, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत आणि ते असू द्यावेत. प्रत्येक डोंगराचं उत्तर वेगळं असणार. नॉर्वेचं उत्तर उचलून कासला लावायचं नाही, आणि कासचं हिमालयाला नाही. माझा आग्रह प्रश्नापुरता आहे. कुठलीही जागा राखायला घेतली की पहिला प्रश्न हा विचारावा : इथे आतापर्यंत कोण येत होतं, कधी येत होतं, आणि येऊन काय करत होतं? ही माहिती गॅझेटियरमध्ये थोडी असते, महसुली कागदात थोडी असते, आणि बाकीची सगळी गुरं राखलेल्या म्हाताऱ्यांच्या डोक्यात असते. ती विचारून घ्यायला आपल्याकडे फार वर्षं उरलेली नाहीत. हे काम वनस्पतिशास्त्रज्ञाइतकंच इतिहासाच्या विद्यार्थ्याचं आहे.

मघाशी तुम्हाला दोन हात लक्षात ठेवायला सांगितले होते. पांढरा देवाचा, काळा सैतानाचा. शेतकऱ्यांनी नावं छान ठेवली, पण वनस्पतीच्या दृष्टीनं पाहिलं तर तो काळा, सुरकुतलेला कंद सैतानाचा नव्हताच. गेल्या वर्षी साठवलेलं सगळं अन्न यंदाच्या फुलाला देऊन तो रिकामा झालेला असतो. यंदाचं फूल त्याच्याच जोरावर उभं असतं. माळावर विळा घेऊन उभ्या असलेल्या माणसाकडे बघताना, किंवा पठारावर गुरं घेऊन येणाऱ्या आपल्या गावकऱ्याकडे बघताना, एवढं आठवलं तरी पुरे.

इथे थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.